कोऱ्या ओळीची झील

१

सांगायचं काय त्यात, डोंबल! जो तो मागे लागलाय, सांगा अप्पा, सांगा अप्पा. खंडेराव म्हणतो, सांगून मोकळा हो. भागीबाई म्हणते, मनात ठेवलं की छातीत बसतं. छातीत बसायचं ते कधीच बसलंय. आणि सांगायचं कोणत्या आवाजाने? झुंबरचा आवाज आता पत्र्यावरून खराटा ओढल्यासारखा येतो. ऐकणारा पुढे सरकतो, कान देतो, कळल्यासारखी मान हलवतो. कळत काही नाही त्याला. तरी एकदाच सांगायचं म्हणून हे सांगणं. मध्येच कोणी ‘असं कसं होईल’ म्हणून फाटे फोडायचे नाहीत. कसं झालं ते झुंबरला माहीत असतं, तर त्याने एवढी टाळाटाळ केली नसती.

झुंबर राहतो नाशिकला, इंदिरानगरात. त्याच्या बापाच्या वेळी तिथे गुलाब आणि झेंडूची शेतं होती. आता जिथे सोसायटीच्या गाड्या लागतात तिथे विहीर होती. शेतं गेली, इमारती आल्या, झुंबरच्या वाट्याला एक दुमजली घर आणि घरामागे गुलाबाचे थोडे वाफे राहिले. शाळा चौथीपर्यंत. तीही अर्ध्यातच सोडली, कारण मास्तर डोक्यात जायचा. पण एक गोष्ट झुंबरला यायची. त्याला झील धरता यायची.

नव्या लोकांना झील म्हणजे काय ते ठाऊक नसतं. भजनात पुढे बुवा बसतो. बुवा ओळ म्हणतो आणि शेवटाला सोडून देतो. मागे बसलेला झीलकरी ती पडती ओळ वरच्या वर झेलतो, पुढे नेतो, तेवढ्यात बुवा दम घेतो. हार बुवाच्या गळ्यात पडतो, झीलकऱ्याला कोणी चहाही विचारत नाही. पण तो नसला की बुवाची दोन अभंगांत फे फे उडते. खंडेराव बुवा आणि झुंबर झीलकरी ही जोडी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात बसायची, दोघांचे केस काळे होते तेव्हापासून. झील एकदा अंगात मुरली की विचारून येत नाही. एसटीच्या कंडक्टरने ‘चलाऽ’ म्हणून हेल काढला तरी झुंबरच्या घशात पुढचा सूर हलायचा.

चूक झाली ती तिथेच.

२

वेदिका ही झुंबरची नात, त्याचा मुलगा राज याची मुलगी. राज पुण्याला असतो. पोरीने कॉम्प्युटर शिकावा म्हणून त्याने जंग जंग पछाडलं. पोरगी गेली जर्मनीला, आणि शिकली काय, तर हजार वर्षांपूर्वी तिकडच्या मठांतले ख्रिस्ती साधू देवापुढे कसे गात होते ते. राजने बोलणं टाकलं. सगळ्या घराण्यात एकटा झुंबर म्हणाला, “गानं ते गानं. शिकू दे तिला.” म्हणून मग प्रबंध लिहायला ती पुण्याला न जाता नाशिकला आली आणि वरच्या खोलीत राहिली.

घराला जाग आली. झुंबरची बायको भागीबाई मूठभर कणीक जास्त मळायला लागली. झुंबर तोंडाने काही बोलायचा नाही. पण सकाळी जो गुलाब आधी उमलेल तो खुडून जिन्याच्या कठड्यावर ठेवायचा, आणि वेदिकाने “अप्पा, तुम्ही ठेवला ना?” विचारलं की म्हणायचा, “मला काय माहीत.” रोज फूल आणि रोज ‘मला काय माहीत’. ती हसायची आणि फूल केसात न घालता वर टेबलावर नेऊन ठेवायची.

एकदा तिने त्याला कॉम्प्युटरवर आपलं पान दाखवलं. पिवळट पान, काळी अक्षरं, आणि अक्षरांच्या डोक्यावर बारीक बारीक फटकारे.

“हे वर जिरं सांडलंय का काय?”

“तेच तर गाणं आहे अप्पा. ही खूण म्हणजे आवाज वर न्या. ही म्हणजे खाली आणा. ही म्हणजे इथे जरा रेंगाळा.”

“कुठून वर न्या?”

“ते नाही लिहिलेलं.”

“मंग गायचं कसं?”

“लिहिणाऱ्यांना चाल पाठ होती ना. ह्या नुसत्या आठवणीच्या खुणा.”

“आन आता कोनाला पाठ हाय?”

“कोणालाच नाही.”

“झालं! मेलेल्यांची उजळणी.”

“अप्पा!”

“बरं, बरं. कागद झ्याक टिकलाय पन.”

“कागद नाही तो. वासराचं कातडं आहे.”

झुंबरने पडद्यावर टेकवलेलं बोट काढून धोतराला पुसलं. “शिव शिव.”

“हजार वर्षं होऊन गेली त्याला.”

“वासराला सांग ते.”

मग तिने त्याला समजावून सांगितलं. देवळात साधू दोन बाजूंना समोरासमोर बसायचे. एक ओळ या बाजूने म्हणायची, पुढची त्या बाजूने. एकाने टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. झुंबरला ते लगेच पटलं. पण तिच्या पानावर एकाच बाजूच्या ओळींवर जिरं होतं. दुसऱ्या बाजूच्या ओळींवर कातडं नुसतं खरबरीत दिसत होतं.

“इथे पण खुणा होत्या,” वेदिका म्हणाली. “कोणीतरी चाकूने खरवडून काढल्यात. शब्द तसेच ठेवलेत, चाल तेवढी काढलीय.”

“चुकली आसंल.”

“चुकलेलं खरवडून माणूस बरोबर लिहितो ना वर? इथे कोऱ्याच ठेवल्यात. सगळ्या.”

झुंबरने पुन्हा चष्मा पुसून बघितलं. चाकू नुसता फिरवला नव्हता. एके ठिकाणी तो कातड्याच्या आरपार गेला होता.

३

दुपारची जेवणं झाली की इंदिरानगर निपचित पडतं. मिक्सर थांबतात, भाजीवाला ओरडायचा बंद होतो. त्या वेळी वेदिका गायची.

झुंबरला ते गाणं आधी आवडलं नाही. ना टाळ, ना ठेका. वाट विसरलेला माणूस चालावा तसं. एक ओळ म्हणायची आणि तेवढाच वेळ गप्प राहायचं. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. ती जिथे गप्प राहायची तिथे त्या कोऱ्या ओळी होत्या. तिने आपली बाजू गाऊन दुसऱ्या बाजूची जागा मोकळी ठेवलेली. अभ्यासाची रीत असेल. पण खाली बसलेल्या झुंबरचा त्या मोकळ्या जागांनी जीव कासावीस व्हायचा. वरून पडलेली ओळ कोणीच झेलत नाही म्हणजे काय! जणू कोणी पायरी पायरी करत जिना उतरतंय आणि एकाआड एक पायरीच नाही.

एका दुपारी तो पडवीत बसून गुलाबाच्या काड्यांचे काटे काढत होता. वर वेदिकाने ओळ सोडली. आणि झुंबरचा घसा आपसूक सुटला. शब्द नव्हते, नुसता ‘आऽ’. खाली उतरला, मध्येच वर चढला, एका जागी रेंगाळला आणि शेवटाला जाऊन बसला. चाल कुठली म्हणाल, तर त्याच्या कोणत्याच भजनातली नव्हती. पण गाताना पुढचा सूर कोणता हे शोधावं लागलं नाही. काटा बोटात शिरला होता तेही त्याला नंतर कळलं.

वर खुर्ची सरकली. मग टाळ्या. “अप्पाऽ! पुन्हा! प्लीज, पुन्हा एकदा!”

झुंबर शरमला. या वयात हे काय पोरासारखं! “मला काय माहीत,” म्हणत तो उठला आणि मागच्या वाफ्यांत निघून गेला.

त्यानंतर त्या गाण्याला झुंबरने एकदाही झील दिलेली नाही. दत्ताच्या पायावर हात ठेवून सांगेल तो.

४

तरी दुसऱ्या दुपारी वरून वेदिकाची ओळ आली, आणि तिच्या मागोमाग दुसरी ओळ आली. पुरुषाच्या आवाजात.

झुंबरने काट्यांची कात्री खाली ठेवली. मग त्याला उलगडा झाला. पोरीने काल टेप करून घेतलं होतं. आता तेच लावून बसलीय. विचारलं तरी का? त्याला राग आला आणि मनातून जरा बरंही वाटलं. आपला आवाज एवढा मोकळा येतो हे त्याला माहीत नव्हतं.

पण काल त्याने एकच ओळ धरली होती. आज प्रत्येक ओळीला जबाब येत होता, दर वेळी वेगळा. आणि त्यात शब्द होते. त्या परक्या भाषेतले, दातांवर ठसठशीत वाजणारे शब्द. झुंबरने स्वतःची समजूत घातली: आजकाल मशीन काय वाटेल ते करतं. मेलेल्या नटाला नाचवतात. आपला आवाज घेतला, शब्द घातले, झालं.

रात्री ताटावर वेदिका म्हणाली, “अप्पा, आज शेवटची ओळ काय गायलात तुम्ही! अंगावर काटा आला माझ्या.”

तिला मशीनचं कौतुक सांगायचंय असं समजून झुंबर म्हणाला, “मला काय माहीत.”

“हं. गुलाब पण माहीत नसतो तुम्हाला.”

भागीबाई हसली. झुंबरही हसला. ते हसू आठवलं की आता त्याला घास उतरत नाही. त्याच वेळी ताट बाजूला सारून ‘कशाबद्दल बोलतेस गं?’ एवढं विचारलं असतं तर!

५

थंडीत एका दुपारी झुंबर छाटणीच्या कात्रीला धार लावायला शालिमार चौकात गेला होता. परतायला उशीर झाला. फाटक उघडून आत आला तर भागीबाई दारातच उभी, गुडघा चोळत.

“अगंबाई! तुम्ही बाहेर कवा गेलते?”

“जेवून गेलो ना. तुझ्या म्होरून तर गेलो.”

“मंग वर कोन गात व्हतं?”

“टेप आसंल.”

“टेप च्या पेते का?” भागीबाई म्हणाली.

तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. म्हणून वर दोघं गातायत असं ऐकून तिने झुंबरचा चहा जिन्यावर ठेवला होता आणि हाक मारली होती. थोड्या वेळाने बघितलं तर कप रिकामा. वेदिका चहाला शिवत नाही. लहानपणापासून नाही.

झुंबरने जाऊन बघितलं. कपबशी तिथेच होती. कप बशीत पालथा घातलेला, आणि बशी ओली. झुंबर चहा बशीतून पितो आणि प्यायला की कप पालथा घालतो. त्याच्या बापाची सवय. घरात दुसरं कोणी तसं करत नाही.

“मांजर आसंल,” तो म्हणाला.

“मांजर कप पालथा घालतं का?” भागीबाईने कपबशी उचलली, मोरीत नेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत बसली.

६

त्याच आठवड्यात गुरुवारी देवळात खंडेरावाने ओळ सोडली, झुंबरने झील उचलायला तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतं. घसा दुखत नव्हता, सर्दी नव्हती. सूर जिथून निघतो ती जागाच सापडेना. विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरडी वर यावी तसं. टाळ वाजत राहिले. खंडेरावाने दम न घेताच पुढची ओळ ओढली आणि आरती झाल्यावर चारचौघांत फटकारलं, “आज नुसतं तोंड हलवत व्हतास झुंबऱ्या.”

“घसा बसलाय.”

“घसा बसलाय म्हने! आन नातीम्होरं कसा सुटतो मंग?” त्याने खिशातून मोबाईल काढला. वेदिकाने कौतुकाने त्याला पाठवलं होतं. देवळाच्या पायरीवर बसून त्याने ते लावलं.

झुंबरने पहिल्यांदाच ते गाणं जवळून ऐकलं. वेदिकाची ओळ. मग दुसरी. शेवटच्या अक्षराआधी आवाज केसभर अडखळला आणि मग सुटला. झुंबरला लहानपणी घटसर्प झाला होता. तेव्हापासून शेवटच्या अक्षराआधी त्याचा दम असा अडतो. खंडेराव त्याला हसायचा पूर्वी, आणि पुढे त्याच अडखळीची त्याला सवय झाली.

“मशीनने केलंय ते,” झुंबर म्हणाला.

“मला शिकवतो का? जन्मभर तू माझ्या पाठीमागं बसलायस. हा तूच हाय.” खंडेरावाने मोबाईल पुन्हा कानाशी नेला आणि त्याचा आवाज जरा उतरला. “फक्त एक हाय झुंबऱ्या. हा आत्ताचा तू न्हाय. तुझं लगीन झालं त्या सालातला हाय.”

७

आता जे बघितलं ते. थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं सुरू झाल्यावर झुंबर जिना चढला. चपला खाली काढल्या. चोरासारखं वर जायचं आपल्याच घरात, याची त्याला लाज वाटत होती. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. फटीतून खिडकीतलं ऊन दिसत होतं, टेबल दिसत होतं, टेबलावर सकाळचा गुलाब, आणि दाराकडे पाठ करून बसलेली वेदिका. कानांवर ते ऐकायचं पट्ट्याचं यंत्र. समोर पडद्यावर तेच खरवडलेलं पान. तिच्या मागे भिंतीला लागून खाट होती. खाटेचा मोठा भाग दाराआड होता.

वेदिकाने ओळ म्हटली आणि सोडली.

जबाब मशीनमधून आला नाही. मशीन टेबलावर होतं, आवाज दाराच्या आतून, हाताच्या अंतरावरून आला. खाट किंचित करकरली. माणूस सूर चढवताना नेट लावतो तशी.

आणि दाराच्या कडेला कोपर दिसलं. एवढंच. वर उचललेलं कोपर. झीलकरी कानावर हात ठेवून गातो ना, तसा हात कानाशी गेलेला असणार. पांढऱ्या सदऱ्याची बाही, आणि बाहीला कोपराशी भागीबाईने घातलेला रफू. निळ्या दोऱ्याचा. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून तिने निळा वापरला होता आणि झुंबर तिच्यावर खेकसला होता.

झुंबरने स्वतःच्या कोपराकडे बघितलं. निळा रफू तिथेच होता. सदरा त्याच्याच अंगात होता.

ओळ संपली. शेवटच्या अक्षराआधी केसभर अडखळून संपली. मग ते कोपर हळूच खाली आलं आणि दाराकडे वळायला लागलं. मागे कोण उशिरा आलं म्हणून झीलकरी बसल्या जागी वळतो, तसं. झुंबरच्या तळपायाखालची फरशी वाजली.

“अप्पा, हलू नका ना,” वेदिका मागे न बघता म्हणाली. “रेकॉर्डिंग चालूय.”

ती झुंबरला म्हणाली नव्हती. खाटेला म्हणाली होती.

झुंबर खाली आला. कसा आला ते त्याला आठवत नाही. चपला उलट्या घालून तो मागच्या वाफ्यांत उभा राहिला, आणि वर गाणं पुढे चालू राहिलं.

८

त्याने आत जायला हवं होतं. ही खंत आता कायमची. दार ढकलून आत जायचं, जे काय असेल त्याच्या शेजारी खाटेवर बसायचं, आणि म्हणायचं, सरक, ही जागा माझी. झील त्याची होती, नात त्याची होती. आपली जागा आपण सोडली म्हणून तर ती कोणी घेतली. पण भीती अशी चीज आहे की ती माणसाला आधी जिना उतरवते आणि मग विचार करायला देते.

संध्याकाळी वेदिका खाली आल्यावर त्याने सांगून टाकलं. “हे गानं या घरात नको.”

“काय झालं अप्पा?”

“मी नव्हतो.”

“कुठे?”

“वर. तुझ्या मागं. एक बी दिवस नव्हतो मी.”

ती हसली. “आणि गुलाब पण तुम्ही ठेवत नाही.”

“गुलाब मीच ठेवतो,” झुंबर म्हणाला.

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच कबूल झाला होता. वेदिकाचं हसू थांबलं.

“अप्पा, हे बघा. मी ते जर्मनीला पाठवलंय. तुमचं नाव घालून. माझे आजोबा भजनात झील धरतात, त्यांना कोऱ्या ओळींची चाल सुचते, असं लिहून. त्यावर माझं पुढचं सगळं ठरणारे. आता तुम्ही म्हणता मी नव्हतोच. म्हणजे मी काय, बनाव केला?”

“तसं म्हनत नाय मी.”

“मग कोण होतं?”

झुंबरला ‘कोपर’ म्हणता येईना. “तू एकदा बी मागं वळून का न्हाय बघितलंस?”

“तुम्हीच सांगितलंत ना! वळलीस तर मी थांबेन म्हणून.”

“कवा सांगितलं?”

“पहिल्याच दिवशी. मागून येऊन, माझ्या कानाशी.”

झुंबर जन्मात कोणाच्या कानाशी लागून बोललेला नाही. त्याचं साधं बोलणं शेजारच्या सोसायटीत ऐकू जायचं. ते त्याला सांगायचं होतं. पण सांगायला गेला तेव्हा आवाज आधीच घोगरा झाला होता, आणि जे निघालं ते कानाशी लागून बोलल्यासारखंच निघालं. “मी न्हाय गं.”

वेदिका दचकली. मग तिचे डोळे भरले, रागाने. “बाबांनी निदान तोंडावर नाही म्हटलं. तुम्ही आधी साथ दिलीत, आणि माझं काही व्हायला लागलं तसं हात वर केलेत. खोटं बोलताय तुम्ही अप्पा.”

झुंबरला काय काय म्हणालेत लोक. तिरसट, आडमुठा, भांडकुदळ. खोटा कोणी म्हणालं नव्हतं. त्याच्याही तोंडातून निघून गेलं, “खोटा तर खोटा. पन माझ्या घरात त्वांड उघडायचं न्हाय.”

भागीबाई “अहो, अहो” करत राहिली. वेदिकाने सकाळी बॅग भरली. जिन्याच्या कठड्यावर त्या दिवशीही गुलाब होता. तिने तो बघितला आणि तसाच ठेवला.

९

वरची खोली आता गप्प आहे. झुंबर दुपारी तिथे जाऊन खाटेवर बसतो, कानावर हात ठेवतो आणि वाट बघतो. काही येत नाही. ते इथे राहिलंच नाही. ज्याच्यापुढे ओळ पडते तिकडे झीलकरी जातो. इथे ओळ टाकणारं कोणी उरलं नाही.

आवाज मात्र गेला तो गेला. डॉक्टर म्हणाला वय झालं. देवळात झुंबर टाळ धरून बसतो. खंडेरावाला एक दिवस काय वाटलं कुणास ठाऊक, पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, चारचौघांत बोललो, चुकलं माझं. झुंबरने पेढा खाल्ला आणि विषय मिटवला.

वेदिका जर्मनीहून भागीबाईला फोन करते. झुंबर समोर आला की ‘बरे आहात ना’ म्हणते आणि फोन कापते. परवा तिने आजीला एक व्हिडिओ पाठवला. जुनं दगडी देऊळ, तिकडचं. दोन बाजूंना समोरासमोर लाकडी बाकं. एका बाजूला वेदिका आणि चारपाच मुलं-मुली. दुसऱ्या बाजूची बाकं रिकामी. लोक पुढे बसून ऐकतायत. कार्यक्रम सुरू होण्याआधी तिने आजोबांचं रेकॉर्डिंग लावणार असं सांगितलं म्हणे. रिकाम्या बाकांवर एक काळा डबा ठेवला होता, स्पीकरचा.

“ऐका तरी,” भागीबाई म्हणाली. “किती ग्वाड गाता तुम्ही.”

ओळ, जबाब. ओळ, जबाब. पत्र्याच्या आवाजाचा झुंबर स्वतःचा भरला गळा ऐकत बसला. सगळं ठीक चाललं होतं. मग मध्ये कुठेतरी वेदिका अडली. ओळ अर्ध्यावर असताना तिला शब्द आठवेना. सोबतची पोरं तिच्याकडे बघायला लागली. गाणं थांबलं.

आणि समोरच्या बाकांवरचा आवाजही थांबला. तिची ओळ पुरी व्हायची वाट बघत थांबला. मग हळूच, ऐकू येईल न येईल असं, तिला पुढचं पहिलं अक्षर सुचवलं. झीलकरी बुवाला मागून सुचवतो तसं. वेदिकाने ते उचललं आणि निभावून नेलं. तिच्या तोंडावर हसू आलं. समोर बाकं होती, पण तिने मान वर केली नाही.

टेप थांबत नाही. टेप वाट बघत नाही. झुंबरने पुन्हा लावून ऐकलं, आणि तिसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा भागीबाईने फोन हातातून काढून घेतला. कपबशी घासली होती ना तिने, तिला सांगायला नको होतं.

झुंबरला माफी हवी आहे. त्याने वाफ्यांत उभं राहून कितीदा तरी ती ऐकलीय मनात: अप्पा, तुम्ही खरं बोलत होता, तुम्ही नव्हता. एवढं ऐकलं की डोळे मिटायला तो मोकळा. पण हे म्हणायचं तर पोरीला आधी कळायला हवं. आणि कळायचं तर मान वर करून समोर बघायला हवं, नाही तर मागे वळायला हवं, आणि तिथे जे बसलंय ते दिसायला हवं. म्हणून रोज सकाळी पहिला गुलाब खुडून तो कठड्यावर ठेवतो आणि दत्ताला उलटंच मागतो. राजने माफी मागितली तर मागो, शाळेतल्या त्या मास्तरने स्वर्गातून मागितली तर मागो. एकीची तेवढी मागायची राहू दे. मी मेलो तरी राहू दे. तिला कधी वाटूच देऊ नकोस की अप्पांची माफी मागायची राहून गेलीय, माझ्या वेदिकाला.